डांबराचे टायर

परवा मुलगा कळंबोलीला जाऊन त्याच्या पिकअपला चार नवे टायर घालून आला. सकाळी गेला तो जेवणाच्या आत घरी. कुठले घेतलेस विचारलं, तर म्हणाला, दुकानदारानं दिले ते. त्याची आई असती तर तिनं त्याला उंबऱ्यातच उभा करून चार प्रश्न विचारले असते. ती गेल्यापासून घरात असं कुणी विचारत नाही. मलाही एका जागी बसवत नाही. जिना उतरतो, फाटकापर्यंत जातो, परत वर येतो. सून म्हणते, बाबा, बसा हो जरा. बसतो, की पुन्हा उठतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण निदान हात तरी एका जागी राहील म्हणून लिहितोय.

माझी पहिली गाडी मिलिटरीची. लढाई संपल्यावर त्यांनी गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक हात बदलत बदलत माझ्यापर्यंत आली. पुढं केबिन, मागं उघडा हौदा. टायर मोठ्या खाचांचे, चिखल तुडवायला केलेले. मी मात्र सगळा धंदा डांबरावर करायचो. पनवेलच्या बाजारातून तांदूळ, पोहे, कौलं भरायची आणि कधी शिळफाट्यावरून ठाणे, कधी खोपोली, कधी घाट चढून लोणावळा.

डांबर सोडून गाडी एकाच ठिकाणी जायची, बायकोच्या माहेरी. चिरनेरच्या अलीकडे खाडीच्या अंगाला वळलं की डांबर संपायचं. पुढं खारजमिनीतून मातीचा बांध होता, उन्हाळ्यात दगडासारखा आणि पावसात लोण्यासारखा. बांधाच्या शेवटी गाव, आणि गावात माझी सासू, तिच्या मुलाजवळ राहणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस जवळ आलं की चेहऱ्यावरून हात फिरवून ओळखायची.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पोर नव्हतं. आमच्यात तेव्हा रीत होती, लेकीला पोर होत नाही तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. पुष्कळ जणांनी सोडली होती, माझ्या सासूनं सोडली नव्हती. पनवेलला चला, डॉक्टरला डोळे दाखवू, चार दिवस राहा, असं मी सांगून बघितलं. तर म्हणायची, राहीन की, पन खाऊ काय, वारा? बायकोनं एकदा इथून घावन करून नेले, तर त्यांनाही हात लावला नाही. लेकीच्या चुलीवरचं ते लेकीच्या घरचंच, असा तिचा हिशोब.

म्हणजे आई इकडे येणार नव्हती. बायकोलाच तिकडे जावं लागायचं. खाचांच्या टायरांमुळं गाडी भर पावसातही बांधावरून थेट दारात जायची. मी बांधाच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचो, आणि आम्ही पोचेपर्यंत म्हातारी ओटीवर येऊन बसलेली असायची.

मग टायर गेले. डांबरानं खाचा खाऊन टाकल्या. वळवाच्या पावसात खोपोलीजवळ मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायची सोडून फिरली. फिरली ती तोंड पनवेलकडे करून उभी राहिली. हौद्यातली कौलं रस्त्यावर. मला काही झालं नाही, पण घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं आणि तिनं हातातली मासळी तशीच खाली ठेवली. म्हणाली, उद्याच्या उद्या टायर बघा.

बघा म्हणणं सोपं होतं. नाक्यावर टायरवाला होता, माझ्या वडलांच्या वयाचा मुसलमान. दोन्ही जातीचे टायर त्याच्याकडे भिंतीला साखळीनं बांधलेले असत. एक खाचांचा. दुसरा बारीक रेघांचा, डांबराचा. मी खाचांचा दाबून बघितला, रेघांचा दाबून बघितला आणि घरी आलो. दुपारी पुन्हा गेलो. त्यानं समजावलं, खाचांचा टायर ओल्या डांबराला धरत नाही, आणि डांबरावर तो लवकर झिजणार, मग पुढच्या वर्षी पुन्हा हेच. मी म्हटलं, पुढं दोन रेघांचे घालतो, मागं दोन खाचांचे. तो म्हणाला, ब्रेक काय पुढच्याच चाकांना आहे? घाटात गाडीचं तोंड थांबेल आणि बूड पुढं निघून जाईल.

मी पुन्हा खाचांचा टायर दाबून बघितला. त्यानं विचारलं, चिखलात जातोस कुठं एवढा? मी सांगितलं, सासुरवाडीला.

"अरे बाबा, तुझी गाडी रोटी कुठं खाते? डांबरावर. मग डांबराचा टायर घे. सासुरवाडीला चप्पल हातात घेऊन जा, इज्जत वाढेल."

दुकानातली माणसं हसली. मला राग आला आणि मी पुन्हा तसाच घरी आलो. हसणाऱ्यांना काय ठाऊक? पाऊस तोंडावर आला होता. रेघांचे टायर घेतले तर गाडी बांधावर चढणार नाही, दसऱ्यापर्यंत नाही, आणि त्या चिखलातून बायकोला चालवायचं कसं? म्हातारी तोवर टिकेल का? खाचांचे घेतले तर बायको आईला भेटेल, आणि मी रोज ओल्या डांबरावर जीव मुठीत धरून घाट उतरेन. बायकोला म्हणू कसं, की तुझी आई का माझा जीव, ते तू सांग. असलं विचारता येतं का कुणाला? मी चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत करत राहिलो.

शेवटी तीच म्हणाली, "अवो, बसा नायतर भायेर जा. टायर कुठले घ्यायचे ते मला कललंय."

मी म्हटलं, तुला काय कळलंय?

"डांबराचे घ्या."

"आणि आई?"

"चालीन मी. बांध माज्या पायाखालचा हाय. तुमी घाटात मेलात तर मी कुनाच्या गाडीत बसून आयेला बघायला जाऊ?"

असं म्हणून ती भाकरी थापायला लागली. मी गेलो आणि रेघांचे घेऊन आलो. टायरवाल्यानं पुन्हा चेष्टा केली असती तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

आषाढात उरणकडचं एक भाडं मिळालं तेव्हा तिला बरोबर घेतलं. माझा डबा तिनं मांडीवर धरला होता. भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. डांबर संपलं तिथं मी गाडी उभी केली. बांधावर नजर टाकली, सगळा राखाडी चिकटा. सवयीनं हात हॉर्नवर गेला आणि वाजवूनही झाला. बायको म्हणाली, कशाला वाजवलात, ती उगा ओटीवर येऊन बसेल. तिनं लुगडं वर खोचलं, वहाणा केबिनमध्ये ठेवल्या आणि उतरली. पायाची बोटं चिखलात रोवत चालायला लागली. पाऊस असा, की थोड्या वेळानं ती दिसेना.

मला भाडं पोचवायचं होतं, पण निघवेना. उतरलो, टायरला लाथ मारली, परत आत बसलो, परत उतरलो. एवढ्यात बांधावर काहीतरी हललं. बघतो तर बायको मागे फिरलेली, आणि तिच्या पुढं तिचा भाऊ. पाठीवर म्हातारी, डोक्यावर इरलं.

भाऊ धापा टाकत सांगायला लागला. हॉर्न वाजला तशी म्हातारी ओटीवर येऊन बसली. बराच वेळ झाला तरी गाडीचा आवाज जवळ येईना. तशी ती म्हणाली, गाडी अडकलीय, माजी लेक तिकडं भिजत असंल, मला ने. नाही म्हटलं तर एकटीच बांधाकडं निघाली.

आम्ही तिला केबिनमध्ये बसवलं. बायको शेजारी बसली. भाऊ आणि मी इरलं धरून दाराशी उभे. म्हातारीनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, गालाची हाडं हाताला लागली तशी तिला वाळलीस म्हणून दोन शिव्या दिल्या. मग नाक वर केलं. विचारलं, बोंबील कुठं हायत?

बायको म्हणाली, यांच्या डब्यात.

म्हातारीनं बसायची जागा हातानं चाचपली. "ह्ये घर कुनाचं, बाय?"

"घर कुठलं, आये? गाडी हाय ही."

"मंग दे. लेकीच्या घरचं खानार नाय बोललेली मी. गाडीतलं खानार नाय असं कवा बोललेली?"

बायकोनं तोंड उघडलं. चूल कुणाची, हे ती सांगणार असं मला वाटलं, म्हणून मी बाहेरून तिच्या दंडाला चिमटा काढला. तिनं डबा उघडला. म्हातारीनं भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि खायला लागली. लग्न होऊन गेल्यापासून लेकीच्या चुलीवरचं ती पहिल्यांदा खात होती. बायको तिच्या हाताकडे नुसती बघत होती, पदरानं तोंड पुसायचंही तिला सुचत नव्हतं. म्हातारीनं डबा बोटानं निपटला.

मग म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

भाडं उरकून पनवेलला परतताना बायको वाटभर त्या मिठावरून धुमसत होती. मिठागरात जन्म गेला तिचा, तिला सगळंच अळणी लागणार, मीठ बरोबर होतं. तुमीच सांगा, बरोबर होतं ना?

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी कुठं खाल्लं?

तिनं माझ्याकडे बघितलं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. मला वाटलं, आता हळहळेल.

म्हणाली, "मंग गप गाडी चालवा."

त्या पावसाळ्यात पुढं जेव्हा जेव्हा तिकडं गेलो, तेव्हा तिनं दोन डबे बांधले. दुसऱ्यात मीठ जास्त.