वारा मोजणारा खांब

गुजरातचा चिराग हवामानयंत्र विकायला घेऊन बोईसरजवळच्या माहीमला आला, तेव्हा पानमळेवाल्या नरहरीकाकांनी कोयता उगारून त्याला असं पळवलं की पोरगं पोहतच गुजरात गाठणार, असं गावाला वाटलं. पण वारा वाढताच मोबाइलवर इशारा येईल, पानमळ्याला वेळेत टेकू देता येतील, हे पटलं आणि काका यंत्रावर भाळले. त्यांनी यंत्राच्या खांबावर पानवेलच चढवली.

"रिकामा खांब बगवत नाय."

"तुमीपन दिवसभर उभेच. तुमच्यावर चढवू?" आनंदीकाकू म्हणाल्या.

वेल वाढली आणि वारा मोजणाऱ्या वाट्यांत गुंतली. वाट्या फिरेनात.

एका दुपारी काकू ओरडल्या, "अवो, सुरूची झाडं वाकलीत! टेकू लावा!"

"मोबाइल बोलतो, वारा शांत हाय."

संध्याकाळपर्यंत मळा आडवा झाला. काका आता बोईसरच्या एका कारखान्यात फाटक उघडतात.