बिनशिट्टीचा कुकर

कुकरमध्ये काही भाजायचं असेल तर झाकणाचं रबर आणि शिट्टी काढून ठेवायची, तळाला मीठ पसरायचं, त्यावर डबा ठेवायचा आणि गॅस बारीक करायचा. मला भाजण्याचा नाद लागला तो यामुळेच. एरवी मी कुकरला घाबरते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझ्या लहानपणी आमचा कुकर फुटला. झाकण छतावर आदळलं आणि आईचा एक गाल कानापर्यंत भाजला. लग्न होऊन कारेगावला आले, तरी हे सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. रोज दोन वेळा स्वयंपाक करणारी बाई कुकरला भिते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्या दिवशी लेकीचा वाढदिवस होता. मोबाइलवर बघून तिनं चीजकेकचा हट्ट धरला होता. इथल्या दुकानात क्रीम चीज कुठलं मिळायला? आदल्या दिवशी म्हशीच्या दुधाचं दही फडक्यात टांगून चक्का केला. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून डब्याच्या तळाशी दाबला, चक्क्यात कंडेन्स्ड मिल्क घोटून वर ओतलं आणि त्यावर अंजिराच्या चकत्या मांडल्या. इतकं सोपं. सासूबाई केंदूरहून पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, त्या बाजूला बसून सगळं बघत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते.

"श्रीखंड कुणी भाजतं व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या.

डबा कुकरमध्ये ठेवून मी लेकीला आणायला गल्लीच्या टोकाला गेले. शाळेची गाडी नेमकी उशिरा आली. परत जिना चढताना रबर जळल्याचा वास आला. रबर तर मी काढून ठेवलं होतं. लेकीला खालच्या पायरीवर बसवलं, इथून हलायचं नाही म्हणून दटावलं आणि वर धावले.

दार उघडंच होतं. गॅस मोठा केलेला, झाकणावर शिट्टी बसवलेली. आत्या कुकरवर वाकून कान देत होत्या. हातात सांडशी होती. शिट्टी होत नाही म्हणून ती उचलून बघायच्या बेतात होत्या, आणि त्यांचा चेहरा बरोबर तिच्यावर होता. मला आईचा गाल दिसला. ओरडावंसं वाटलं, पण त्या दचकल्या असत्या तर सांडशी शिट्टीलाच लागली असती. सिलिंडर दाराशीच होता. खाली बसून मी रेग्युलेटर बंद केला.

"आत्या," मी हळूच म्हटलं, "तशाच मागं या. कुकरला हात लावू नका."

त्या मागे आल्या. मी त्यांना दंडाला धरून बाहेर गॅलरीत आणलं. आता त्यांना काही होणार नाही हे कळलं आणि मला संताप आवरेना. लग्नाला नऊ वर्षं झाली, कधी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. तो त्या दिवशी चढवला.

"कुणी सांगितलं होतं शिट्टी लावायला? आंधळ्या झाला असता तुम्ही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटलं, रबर आन् शिट्टी लावायची तू इसरलीस. म्हणून मीच लावली."

"मग लांब बसायचं ना. तोंड कशाला घालायचं त्यात?"



"कुकर लावला की तू हितं गॅलरीत येऊन उभी राहतीस. मला दिसत न्हाई व्हय? शिट्टी झाली की अंग चोरतीस. म्हटलं, तू यायच्या आत दोन शिट्ट्या करून टाकाव्या. तुला भ्यायला नको."

सांडशी त्यांच्या हातात तशीच होती. मी ती घ्यायला गेले, तर त्यांची बोटं उघडत नव्हती. एकेक करून मी ती सोडवली.