वाघाचं तोंड कुणीकडे होतं?

गेल्या महिन्यात, सकाळची प्रार्थना नुकतीच आटोपली होती, तेव्हा डोंगरावरच्या वाडीतला एक गडी शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "धाकूबाबा गेला, गुर्जी. म्हातारी म्हनली, आदी गुर्जींना सांग." एवढं बोलून तो आल्या पावली परत फिरला. सोयऱ्याधायऱ्यांच्या आधी मला निरोप... कुणालाही धन्य वाटावं अशी गोष्ट. मी मात्र वर्गात शिरलो आणि फळा पुसत राहिलो. फळा कोराच होता. या मानाला मी लायक नाही, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं, अशी आपली रीत आहे. धाकूबाबाविषयी मला चांगलंच लिहायचं आहे. यात जे वाईट येईल ते माझं आहे.

मी कोळवणच्या शाळेत बदलून आलो तेव्हा खोऱ्यातल्या भातखाचरांपलीकडे मला काही दिसत नसे. रान मला दाखवलं ते धाकूबाबानं. मध आणि हिरडा घेऊन तो बाजाराला उतरायचा आणि जाताना शाळेच्या ओट्यावर टेकायचा. गुडघ्याच्या वर पंचा, खांद्यावर घोंगडी, हातात कोयता. माझ्या पोरांना तो ओढ्याकाठी नेऊन चिखलातले ठसे वाचायला शिकवी. "ह्ये भेकर. ह्ये पानी पिऊन गेलंया, आन् ह्ये न पिताच पळालंया. का पळालं, सांगा बरं?" पोरं विचारात पडायची आणि त्यांचे गुरुजीही. सृष्टिविज्ञानाचा तास मी पुस्तकातून घेत होतो, खरा तास तोच घेत होता.

एकदा एका मासिकात मुंबईच्या मोठ्या म्युझियमची चित्रं आली होती. पेंढा भरलेली जनावरं, पक्षी, हाडांचे सांगाडे. मी ती पोरांना दाखवत होतो. मागून धाकूबाबा डोकावला आणि वाघाच्या चित्रावर त्याची नजर खिळली. तो म्हणाला, "गुर्जी, आमचा वाघ बी मुंबैलाच नेल्ता."

मग त्यानं सांगितलं. तरणा असताना एका साहेबाच्या शिकारीत तो हाकारा करायला गेला होता. ज्या घळीत वाघ निजला होता, ती घळ फक्त त्यालाच माहीत होती. त्यानंच तो उठवला, साहेबानं मारला. बांबूला बांधून खाली आणताना पुढच्या डाव्या पंज्याचं एक नख मोडलेलं धाकूनं पाहिलं होतं. त्यांच्या वाडीचा नेम असा, की ज्यानं वाघ उठवला त्यानंच तो निजवावा. म्हणजे त्याच्यासमोर नारळ फोडायचा, नाचणीची भाकरी ठेवायची आणि हात जोडून माफी मागायची. तोवर वाडीमागच्या वाघोबाच्या शिळेला त्या माणसानं शिवायचं नाही. धाकूचा वाघ तर साहेबानं त्याच दिवशी मोटारीत घालून नेला. तेव्हापासून अमावास्येला सगळी वाडी शिळेला शेंदूर लावायची आणि हा लांब उभा राहायचा. तीसेक वर्षं.

मी म्हणालो, "मग चला की आमच्याबरोबर! शाळेची सहल म्युझियमलाच नेतो."

पुढचे तीन-चार महिने आम्ही दोघांनी ती सहल आखण्यात काढले. दर बाजाराला तो यायचा, मी पाटीवर रस्ता काढायचो. पौडपर्यंत पायी, तिथून एस.टी.नं पुणं, पुढे आगगाडी. त्याचे प्रश्न संपायचे नाहीत. "जनावरांच्या वाड्याला दारं किती? वाघाचं तोंड कुनीकडं हाय? पाठीमागनं जाऊ नये त्याच्या." म्युझियमला परवानगीचं पत्र धाडताना हे विचाराच, असा त्याचा हट्ट. मी पत्र धाडलं, पण हा प्रश्न काही लिहिला नाही. लिहिलाय, असं त्याला सांगितलं. हसूही आलं होतं मला... त्यानं बायकोकडून, सोनाबाईकडून, जुना सदरा ठिगळ लावून घेतला. नारळ तर महिनाभर आधीच आणून ठेवला.

आणि मग कळलं की शाळाखात्याचे एक मोठे साहेब आमच्यासोबत येणार. मला पुढचं सगळं दिसू लागलं. तो काचेच्या कपाटांचा दिवाणखाना, बूट घातलेले साहेब, माहिती सांगायला आलेले विद्वान अधिकारी आणि मधोमध घोंगडीवाला माणूस वाघापुढे नारळ फोडतोय! साहेब काय म्हणतील? ही तुमची सृष्टिविज्ञानाची शिकवण? "नारळ घरी ठेवा" एवढं त्याला सांगायचं धैर्यही मला झालं नाही. जनाची नाही तरी मनाची असायला हवी होती. धाकूबाबाला मी शुक्रवारी पौडच्या थांब्यावर यायला सांगितलं आणि सहल गुरुवारी नेली.

वाघ होता तिथे. साहेब हरणांच्या शिंगांविषयी विचारत होते आणि मी त्यांच्यामागे मान हलवत होतो. वाघापुढून आम्ही गेलो, पण मी त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. पाहायला धजलो नाही, हे खरं.

शनिवारी परत आलो तेव्हा पौडला चहावाल्यानं सांगितलं, की शुक्रवारी एक म्हातारा पहाटेपासून दिवस कलेपर्यंत एस.टी.च्या थांब्यावर बसून होता. येईल त्या गाडीत डोकावून गुर्जी हायेत का, असं विचारत होता.

पुढच्या बाजाराला तो आला. साहेबांनी ऐनवेळी दिवस बदलला, निरोप धाडायला सवड झाली नाही, असं मी पाठ केल्यासारखं बोललो. "आसंल," तो म्हणाला. रागाचा शब्द नाही. मग हळूच विचारलं, "व्हता का त्यो? डाव्या पंज्याचं नख मोडल्यालं?"

"होतं," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटून घेतले. "मंग त्योच. गुर्जी... तुमी तरी हात जोडलं का माज्यासाठनं?"

"जोडले. माफी मागितली तुमच्या नावानं."

तो खाली वाकला आणि मला काही कळायच्या आत त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या क्षणाइतकी लाज मला कशाची वाटत नाही. त्याच अमावास्येला त्यानं शिळेला शेंदूर लावला, तरण्यापणानंतर पहिल्यांदा. पुढची सहा वर्षं एकही अमावास्या त्यानं चुकवली नाही. खाली उतरला की मला आवर्जून सांगायचा, "लावला बरं का, गुर्जी." खरं सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण त्याचा उजळलेला चेहरा पाहून मी मूग गिळून बसायचो आणि वर स्वतःची समजूत घालायचो, की हे त्याच्या भल्यासाठीच.

तेराव्याला मी डोंगर चढून गेलो. सगळं उरकल्यावर सोनाबाई मला घरामागे शिळेपाशी घेऊन गेली. वाडीतली माणसं तिथं आधीच जमली होती. तिनं शेंदराची वाटी माझ्या हातात दिली.

"म्हातारा सांगून गेलाय. वाघाला तुमी निजावला. आता पयल्या शेंदराचा मान तुमचा."

"सोनाबाई..." मी म्हणालो. सगळं ओठांशी आलं होतं.

"काय, गुर्जी?"

"काही नाही."

मी शेंदूर लावला. शिळेकडे मात्र मला पाहवलं नाही. त्यांना वाटलं, दुःखानं.

हे मी वर्तमानपत्रात लिहू शकतो, कारण वाडीत कुणाला वाचता येत नाही. इतक्या वर्षांत गुरुजी असून मी त्यांच्यातल्या एकालाही अक्षर शिकवलं नाही आणि आज त्या न शिकवण्याच्याच आडोशाला उभा राहून कबुली देतोय. येत्या अमावास्येला मला वर जायचं आहे. मी पोचेपर्यंत वाडीतलं कुणीही शेंदराला हात लावणार नाही.