सुनेच्या नावावरची हजेरी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मुलांना तर नाहीच. नोकरीतून निवृत्त झालो त्या दिवशी कचेरीत माझ्यावर भाषणं झाली. एक जण म्हणाला, असा सचोटीचा माणूस आता मिळणार नाही. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, संकोचलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित हे तुम्हाला सांगता येईल. बघू — जमतं का.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचा भोकरदन तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता, जालना जिल्हा पुढे झाला. वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला आणि त्याच वर्षी मला शाळेत घातलं. मी वस्तीतला पहिला बी.ए. झालो. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा शेजारची भागामावशी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, वाच. कागद इंग्रजीत. मी वाचला. तिला एक अक्षर कळलं नाही. ती म्हणाली, "आता पुन्यांदा वाच." मी तीनदा वाचला.

ही भागामावशी माझी नात्याची कोणी नव्हती. माय मजुरीला गेली की मी तिच्या घरी असायचो, एवढंच नातं. शाळेत जायच्या वाटेवर ओढा होता. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की ती मला कडेवर घेऊन पलीकडे सोडायची आणि संध्याकाळी पुन्हा काठावर उभी असायची. माझं शिक्षण कोणी केलं असं विचारलं तर मी वडिलांचं नाव सांगतो. ते खरंच आहे. पण पुरतं खरं नाही.

दुष्काळात केदारखेड्याच्या पलीकडे एका पाझर तलावाचं काम निघालं आणि मला तिथे हजेरी कारकून नेमलं. नोकरी तात्पुरती. पण सरकारी! सकाळी मस्टर उघडायचं, नावं पुकारायची, हजर असेल त्याच्यापुढे खूण करायची. चारशेच्या वर माणसं. बायका माझी चेष्टा करायच्या. एक म्हणायची, हजेरीसाहेब, आमच्या नवऱ्याला आमचं नाव घ्यायला लाज वाटते, तुम्ही रोज घेता. मी लाजायचो. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

कामावर खायला सुकडी मिळायची आणि दर गुरुवारी दवाखान्याची जीप यायची. डॉक्टर, कंपाउंडर, औषधांची खोकी, सुयांसाठी बर्फाची पेटी. तालुक्याच्या दवाखान्यात कोणालाही तपासत, पण औषध बाहेरून आणा म्हणत, आणि बाहेरून आणायची ऐपत कोणाची होती? जीपमधलं औषध फुकट होतं. मात्र ते सगळ्यांसाठी नव्हतं. मागच्या पंधरा दिवसांत ज्याची दहा दिवस हजेरी भरली असेल, त्यालाच चिठ्ठी. कामावर जखम झाली तर दिवसांची अट नव्हती — पण नाव मस्टरवर पाहिजे. चिठ्ठी मी लिहायचो. खाली माझी सही.

नियम ऐकताना ठीक वाटतो ना? मलाही वाटला होता. काम करील त्याला औषध. मी तो बायकांना समजावूनसुद्धा सांगितला होता. आजारी माणसानं दहा दिवस टोपलं कसं वाहायचं, हे मला कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

विचारलं ते भागामावशीनं. तिची सून कौसा, मुलगा किसनची बायको, बाळंत झाली होती. मुलगी झाली. बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत कौसा कामावर येत होती, पण मधे खंड पडला आणि तिचे दिवस मोडले. त्यात ताप. रोज दुपारी चढायचा. भागामावशी सकाळीच माझ्याकडे आली.

"उत्तमा, कौसाच्या अंगातला ताप उतरून न्हाई राह्यला. दहा दिस भरले तर चिठ्ठी भेटंल म्हणतोस तू. तिच्या जागी मी येते. तू फक्त हजेरी लाव."

तिच्या स्वतःच्या नावावर लावता आली नसती का? नसती. म्हाताऱ्यांना कामावर घ्यायचं नाही असं कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरनं सांगून ठेवलं होतं, आणि ती साठीच्या पुढची होती. शिवाय औषध कौसाला हवं होतं, म्हणून दिवसही कौसाचेच भरायला हवे होते. तापानं फणफणलेली बाई टोपलं वाहते आहे असं कागदावर दिसलं, तरच तिला तापाचं औषध मिळणार होतं.

मी हो म्हणालो. तेवढं तरी मी केलं — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवसापासून मी "कौसाबाई किसन" असं पुकारायचो आणि भागामावशी "हाय जी" म्हणायची. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एक म्हणाली, साहेबानं सासूची सून केली. भागामावशी म्हणाली, "म्हतारपणी पुन्यांदा सून झाले बायांनो. आता सासुरवास तेवढा करू नका." आणि डोक्यावर चुंबळ ठेवून ती बांधाकडे गेली. ती काम चोख करायची. तरण्या बायकांच्या बरोबरीनं खेपा मारायची. कोणी म्हणू नये की उत्तमनं आपल्या माणसाला फुकट हजेरी दिली, असं ती म्हणे.

दहावा दिवस गुरुवारी भरला. कौसा तान्ह्या लेकीला घेऊन, किसनच्या आधारानं जीपपाशी आली. मी चिठ्ठी दिली. डॉक्टरनं तिला तपासलं, गोळ्या दिल्या, सुई दिली आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा यायला सांगितलं. म्हणजे पुढचे दिवसही भरायला हवे होते. भागामावशी येत राहिली.

आता ते सांगायला हवं. मी किती वेळ त्याच्याभोवती फिरतो आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल.

पुढच्या गुरुवारी सकाळी ती टोपलं उचलायला वाकली आणि शेजारच्या माणसाचा टिकाव निसटून तिच्या पायावर आला. अंगठ्यापासून वर चांगली खोल जखम झाली. मी धावत गेलो. मातीनं भरलेला पाय, त्यात रक्त. तिनं लुगड्याचा काठ फाडून बांधला. म्हणाली, काही न्हाई, जाय तू. मी म्हणालो, दुपारी जीप येईल, सुई घेऊ. मनात होतंच की तिचं नाव मस्टरवर नाही. पण डॉक्टर माणूस बरा होता. वाटलं, काहीतरी करता येईल.

दुपारी जीप आली. आणि तिच्या मागोमाग ओव्हरसियरची मोटारसायकल आली.

चार दिवसांपूर्वीच पलीकडच्या कामावरच्या कारकुनाला काढून टाकलं होतं. त्याच्या मस्टरवर खोटी नावं सापडली होती. ओव्हरसियर ते सगळ्यांना ऐकवत हिंडत होता. आणि माझ्या मस्टरवर? माझ्या मस्टरवर गावातल्या एका मोठ्या घरातली चार नावं होती, जी कधी कामावर फिरकली नाहीत. ती लावायला मला त्याच ओव्हरसियरनं सांगितलं होतं. मी लावत होतो. त्या चार नावांची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटली ती फक्त एका बाईची, जी रोज येऊन काम करत होती. असं का? ती आमच्या वस्तीतली होती म्हणून. बघा, आपल्या लोकांची भरती करतो, असं कोणी म्हणेल म्हणून. — कारण सांगतो आहे, सूट मागत नाही.

कौसा आपली सुई घेऊन आधीच घरी गेली होती. भागामावशी रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. कंपाउंडरनं चिठ्ठी मागितली. तिनं पाय पुढे केला. डॉक्टरनं पायाकडे पाहिलं आणि नाव विचारलं. कौसाचं नाव सांगता येणार नव्हतं, कौसाला त्यानं आठवड्यापूर्वीच पाहिलं होतं. तिनं स्वतःचं नाव सांगितलं. डॉक्टरनं माझ्याकडे वळून विचारलं, "काय हो, ही कामावर आहे ना?"

त्याला फक्त "आहे" ऐकायचं होतं. आवाजावरूनच कळत होतं. त्यानं कंपाउंडरला पेटी उघडायची खूणही केली होती.

ओव्हरसियर माझ्या शेजारी उभा होता. मी मस्टर उघडलं. पानं उलटली. नाव त्यात नाही हे मला पाठ होतं, तरी मी बोट फिरवत शोधल्यासारखं केलं. वेळ काढत होतो का? की ओव्हरसियरला दाखवत होतो, बघा, मी किती नियमानं चालतो? मग मी म्हणालो, "नाही साहेब. ही बाई कामावर नाही."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा आवाज ऐकला.

"बराबर हाय साहेब. म्या सुनेला भाकर घेऊन आल्ते."

एवढंच बोलली. मला वाचवायला बोलली. तिनं खोटं बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, मग आजच्या आज तालुक्याला जाऊन सुई घे, ही जखम वाईट आहे. तिनं मान हलवली. जीप गेली. मोटारसायकल गेली. आणि भागामावशी फडकं नीट आवळून पुन्हा बांधाकडे निघाली. अर्ध्या दिवसात गेली असती तर कौसाची त्या दिवसाची हजेरी बुडाली असती. मी तिला थांबवायला हवं होतं. माझ्याकडे सायकल होती. भोकरदन काही परदेशात नव्हतं. मागे बसवून नेलं असतं तर संध्याकाळपर्यंत परत आलो असतो. — मी ओरडून तिला जा म्हणालो नाही, की सायकल काढली नाही. जवळ जायची मला लाज वाटत होती. ती काही बोलेल म्हणून नव्हे. ती काहीच बोलणार नाही, हे ठाऊक होतं म्हणून.

ती आणखी पाच दिवस आली. लंगडत. जखमेवर हळद आणि तेल. मी रोज "कौसाबाई किसन" पुकारलं, ती रोज "हाय जी" म्हणाली आणि मी रोज खूण केली. बायका आता हसत नव्हत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. पण दुसऱ्याच्या नावावर, बदलीवर, तर त्यांतल्या कितीजणी होत्या. कोण बोलणार?

सहाव्या दिवशी ती आली नाही. किसन सांगायला आला की तिला घास चावता येत नाही, दातखीळ बसली आहे. बैलगाडीनं तालुक्याला आणि तिथून बसनं जालन्याच्या सरकारी दवाखान्यात तिला नेलं. मी सोबत होतो. तिथल्या डॉक्टरनं पाय पाहिला आणि किसनला विचारलं, सुई का नाही दिली? धनुर्वात झाला होता. दाराचा आवाज झाला तरी तिचं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, की त्या रोगात शुद्ध राहते. ती माझ्याकडे बघायची आणि बोलता यायचं नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

माझी कबुली इथेच संपली असती तर मी ती कदाचित पूर्वीच दिली असती. पुढे आणखी आहे.

परतताना किसननं मला विचारलं, "त्या दिशी जीपच्या डाक्टरनं मायला पाहिलं काऊन न्हाई?" तो दुसऱ्या खड्ड्यावर होता, त्यानं पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "मी सांगत होतो रे. त्यानं ऐकलंच नाही." किसननं माझा हात धरला. म्हणाला, तू होतास म्हणून एवढं तरी झालं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्ती जमली. शिकलेला म्हणून मला बोलायला उभं केलं. मी बोललो. गरिबाच्या जिवाची डॉक्टरांना किंमत नाही, असं बोललो. चांगलं बोललो. बायका रडल्या. त्या गर्दीत चार-पाचजणी अशा होत्या ज्यांनी माझं "नाही साहेब" ऐकलं होतं. त्याही रडत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. आमचा पोरगा सरकारी नोकरीत टिकला पाहिजे, असं त्यांनाही वाटत असणार. त्या गप्प राहिल्या. जीपचा तो डॉक्टर पुढे आमच्या गावात आला की लोक तोंड फिरवायचे. त्याला कारण कधी कळलं नाही. मी सांगितलं नाही.

मी नोकरीत टिकलो. कायम झालो. जालन्यात घर बांधलं. मुलं शिकली. कौसा बरी झाली, तिची लेक मोठी झाली, तिच्या लग्नात मी जेवलो. किसन गेला तेव्हाही मी गेलो होतो. त्याला खरं सांगायला माझ्याकडे तीस वर्षं होती.

आता सांगतो. भागाबाई, वय साठीच्या पुढे, राहणार आमची वस्ती. पाझर तलावाच्या कामावर एकवीस दिवस हजर होती. सोळाव्या दिवशी, कामावरच, तिच्या पायाला जखम झाली. त्या वेळी मी तिथे होतो.