कॅप्टनांचा कोरडा टॉवेल

खांबेटे सर गेल्याचं मला शिरीषनं सांगितलं. नेरूळच्या आमच्या इमारतीचे तीन जिने चढून आला, दारात उभ्या उभ्याच म्हणाला, "कॅप्टन गेले. रविवारी सभा आहे. तुला बोलायचंय." शिरीष माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा उजवा कान ठार बहिरा आहे, आणि तो कान गेला याच कॅप्टनांच्या हाताखाली पाणबुड्याचं शिक्षण घेताना. निरोप घेऊन त्यानंच यावं याची आम्हा दोघांनाही गंमत वाटली, पण तसं बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ही सोय बहुधा खांबेट्यांसारख्यांसाठीच करून ठेवलेली असावी.

कॅप्टन ते कशाचे, हे कोणालाच कळलं नाही. जहाजावरचे नव्हेत, सैन्यातले नव्हेत, क्रिकेटच्या संघाचेही नव्हेत. वाशीत एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांत त्यांची संस्था होती. भिंतीवर परदेशातल्या कुठल्याशा मंडळाचा शिक्का असलेला कागद, कपाटात पितळी होकायंत्र, आणि मधोमध स्वतः कॅप्टन… पांढरीशुभ्र इस्त्रीची पँट, खांद्यावर घडी घातलेला टॉवेल. त्या टॉवेलचं मला फार कौतुक वाटायचं. तो कधी ओला होत नाही, हे लक्षात यायला चार महिने लागले.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पाठीवर हवेची टाकी बांधून पोहण्याच्या तलावात श्वास घ्यायला आम्ही दोघं शिकलो होतो. न्हावा गावाच्या बाजूला मोठं बंदर होणार, पाणबुड्यांना मागणी येणार, अशी बोलवा होती. तलावातल्या शिक्षणाच्या पुढचा, अ‍ॅडव्हान्स कोर्स कोणाकडे करायचा एवढाच प्रश्न होता. नावं दोनच होती. एक कॅप्टन आणि दुसरे दिवाळे गावचे गणपत नाखवा, खाडीत बुडालेले नांगर आणि साखळ्या वर काढून देणारे म्हातारे कोळी. आधी नाखव्यांकडे गेलो. ते धक्क्यावर जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "खाडीचा पानी काला हाय, पोरा. तठं डोले काय कामाचे नाय. बारा म्हैने रशी धर. मंग बगू, तुला उतरवाचा का नाय ते." रशी म्हणजे पाण्यात उतरलेल्याच्या कमरेची दोरी. दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात असतं. खालून एक झटका आला की ठीक आहे, चार आले की अडकलोय, ओढा. वर्षभर ती नुसती धरायची, ही आम्हाला हमाली वाटली. शिरीषनं विचारलं, "सर्टिफिकेट देता का?" नाखव्यांनी जाळ्याचा दुसरा भाग मांडीवर ओढून घेतला.

मग निवड आमच्या वडिलांनी केली. दोघंही कचेरीतले, रविवारी कडक इस्त्रीचे शर्ट घालून वाशीला गेले. आपण पोराला पाण्याखाली पाठवतोय, तर निदान विचारावं, की साहेब, या खाडीत तुम्ही स्वतः कितीदा उतरलात? आजवर नापास कोणाला केलंत? खाली पोरगं अडकलं तर वर कोण असेल? यातलं एक अक्षर कोणी काढलं नाही. माझ्या वडिलांनी विचारलं, "मान्यताप्राप्त आहे ना?" शिरीषच्या वडिलांनी विचारलं, प्रमाणपत्रावर फोटो लागतो का. कॅप्टनांनी लेटरहेडवर इंग्रजीत पत्र लिहून दिलं. परत येताना बाबा म्हणाले, "घरंदाज माणूस वाटतो. अक्षर बघितलंस?" एवढ्याशा चौकशीवर आपण भाडेकरूसुद्धा ठेवत नाही. आणि वडिलांनाच का नावं ठेवू, मीही त्या होकायंत्राला भुललो होतो.

चार महिने कॅप्टनांनी फळा आणि तलाव सोडला नाही. शेवटची परीक्षा तेवढी खाडीत होती, तीही नेमकी दिवाळ्याच्या धक्क्यावर. शिरीष पहिला उतरला. त्याची दोरी कॅप्टनांनी धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला बांधली, सुबक गाठ मारून, आणि बोलावलेल्या पाहुण्यांबरोबर फोटो काढून घ्यायला वळले. मी माझ्या पाळीची वाट बघत शेजारीच उभा होतो. दोरी हलली ती मी पाहिली. चार झटके… जरा थांबून पुन्हा चार. मला वाटलं, ओहोटीच्या ओढीनं हलतेय. वहीत तीनदा सुवाच्य अक्षरात लिहून काढलेली खूण प्रत्यक्ष समोर आली, आणि मला ओळखता आली नाही. ती ओळखली पलीकडे जाळं सांधणाऱ्या नाखव्यांनी. हातातली सुरी घेऊन ते बनियनसकट, टाकीबिकी काही नसताना उतरले. जुन्या खांबाला गुंतलेल्या फाटक्या जाळ्यात शिरीष अडकला होता. त्याला वर आणलं तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं. धापा टाकत नाखव्यांनी खुंटाकडे बोट केलं आणि कॅप्टनांना म्हणाले, "गाठ बेस हाय तुमची. होडी बांधाला."

त्याच संध्याकाळी कॅप्टन इस्पितळात आले. आस्थेनं चौकशी केली, सफरचंदं आणली, आणि उशाशी दोन लिफाफे ठेवले. आमची प्रमाणपत्रं. मी खाडीत पाऊलसुद्धा घातलं नव्हतं, तरी मला विशेष प्रावीण्य होतं. शिरीषच्या वडिलांनी त्याचं प्रमाणपत्र काचेत बसवून घेतलं. ज्या कागदानं पोराचा कान घेतला तो कागद पाहुण्यांना दाखवण्याची हौस फक्त आपल्याच वर्गाला असू शकते.

महिन्याभरानं मी एकटाच नाखव्यांकडे गेलो. त्यांनी दोरी हातात दिली. दोरी धरली की त्यांच्याकडे बोलणं बंद, विडी बंद, इकडेतिकडे बघणं बंद. एकदा त्यांचा जावई गावाहून आला, वाकून पायाला हात लावला, पण दोरीवर कोणी असेतो नाखव्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. बारा महिन्यांनी मला उतरवलं, ते डोळ्यांवर फडकं बांधून. वर दोरीला ते स्वतः होते. मला जे काही येतं ते तिथलं आहे.

पुढे बंदराचं काम निघालं. ठेकेदाराच्या साहेबानं विचारलं, "कोणाकडे शिकलात?" मी नाखव्यांचं नाव सांगितलं. "कोण?" साहेब म्हणाला. त्याचा तो चेहरा बघितला आणि मी खिशातून खांबेट्यांचा कागद काढला. साहेबानं शिक्का पाहिला, उद्यापासून या म्हणाला. माझं घर आजही त्या सहीवर चालतं. नाखवा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा मी कामावर होतो. त्यांची सभा झाली नाही, पेपरात दोन ओळी आल्या नाहीत. त्या लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं.

रविवारी सभागृह भरलं होतं. हार घातलेल्या फोटोत कॅप्टनांच्या कपाळावर पाणबुड्याचा चष्मा होता, आणि त्याखाली केसांचा भांग जसाच्या तसा. कोणी त्यांना सागरपुत्र म्हटलं, कोणी पिढ्या घडवल्या म्हणालं. मला 'पट्टशिष्य' म्हणून माइकपाशी नेलं. खरं बोलायचं असं मी घरून ठरवून निघालो होतो. पण पुढच्याच खुर्चीत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, आणि साहेबासमोर जसा कागद बाहेर आला तसंच वाक्य बाहेर आलं. "सरांकडे शिकलो, म्हणून मी आज इथे आहे." शिरीष कडेच्या खुर्चीत होता. खुर्ची त्यानं अशी वळवून घेतली होती की उजवा कान माझ्याकडे आला होता.

सभेहून तो माझ्याबरोबर घरी आला. आम्ही गॅलरीत बसलो. तिथे खुंटीला नाखव्यांची दोरी आहे, ते गेल्यावर जावयानं आणून दिलेली. बायकोनं एकदा कपडे वाळत घालायला मागितली होती, मी दिली नाही. शिरीषनं ती जरा चाचपून पाहिली आणि विचारलं, "काय बोललास रे? मला काही ऐकू आलं नाही." मी खुर्ची उचलून त्याच्या डाव्या बाजूला ठेवली. म्हटलं, "गणपत नाखव्यांकडे शिकलो, म्हणून मी आज इथे आहे."

"हे नीट ऐकू आलं," तो म्हणाला. "पण माइक तिथं होता."