साहेबांचा टब

राज्य शिस्तीवर चालतं. पेट्रोलचा वास आला की मला ती शिस्त आठवते. साहेबांच्या मोटारीमागे दोनचाकी सामानगाडी जोडली होती आणि सामानावर मी, त्यांचा कारकून, बसलो होतो. मुक्कामी साहेबांचा आंघोळीचा टब आधी उतरावा असा हुकूम, म्हणून कचेरीच्या दप्तरांनी भरलेला तो लोखंडी टब सर्वांत मागे बांधला होता. बुलढाण्याचा घाट उतरताना सामानगाडी दरीकडे झोले खाऊ लागली. उडी मारावी की बसून राहावं, ठरेना. मी ओरडल्यावर मोटार थांबली. वाटेतला एक बैलबंडीवाला म्हणाला, "काऊन बाबू, मराचं हाय काय? सारं वजन मांगं! टब पुढं घ्या, नाहीतं दरीतच आंघोळ होईन." टब पुढे घेतला आणि गाडी सरळ चालली. साहेबांनी अहवालात दोष रस्त्याला दिला. त्या अहवालाच्या दोन प्रती मीच सुवाच्य अक्षरात लिहिल्या.