पहिला जोड रापीचा

नियमांचा कागद माझ्यासमोर ठेवून साहेबांनी सातव्या नियमावर पेनाने आडवी रेघ मारली आणि मग विचारलं, "चालेल ना, मॅडम?" आधी मान मुरगाळायची आणि मागून तब्येत विचारायची, अशी ही त्यांची पद्धत.

नालासोपाऱ्यातल्या एका छोट्या प्रशिक्षण केंद्रात मी बूट शिवायला शिकवते. वर्षभराची उमेदवारी असते आणि तिचे अकरा नियम आहेत. वेळेवर या, हजेरी लावा, हत्यारं जागच्या जागी ठेवा, हे सगळं केंद्र चालवणाऱ्या साहेबांना पटतं. सातवा मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नाही. तो मी घातलेला आहे. उमेदवाराने शिवलेला पहिला पूर्ण जोड शिकवणाऱ्याने सर्वांसमोर कापून उघडावा, तो कोणाच्याही पायात जाऊ नये, असा तो नियम.

"तयार जोड कापायचा? चांगलं चामडं वेस्ट करायचं? वरती रिपोर्टमध्ये मी काय लिहू?" साहेब म्हणाले.

माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. पण दारात कळंबहून येणारी आमची उमेदवार मुलगी उभी होती. तिचा पहिला जोड त्याच दिवशी पुरा झाला होता, आईच्या मापाचा. "मॅडम, नका ना कापू," ती म्हणाली. "आईला फोटो पन दाखवला मी. ती वाट बघते." तिचे डोळे भरले होते. हे रडणं मी एकदा रडले होते, आणि माझं ऐकलं गेलं होतं. साहेबांना मी "उद्या सांगते" म्हटलं आणि घरी आले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचे. मूळचे कराडकडचे, नोकरीपायी इकडे आले आणि माणिकपूरला दोन खोल्यांत संसार थाटला. उभा जन्म लोकांचे जिने चढण्या-उतरण्यात गेला. निवृत्त झाले आणि साखरेच्या आजाराने नेमके पायच धरले. एका संध्याकाळी बाजारातून आले ते एका पायात चप्पल घालून, दुसरा पाय अनवाणी. चप्पल कुठे निघाली, त्यांना पत्ताच नव्हता. मी हसून म्हटलं, "अण्णा, उद्या पँट विसराल." डॉक्टरांनी तळव्याला सुईचं टोक टेकवून विचारलं, "कळतंय का?" अण्णा भाबडेपणाने म्हणाले, "काय?" तिथे माझं हसू आटलं.

डॉक्टरांनी मापाचे बूट शिवून घ्यायला सांगितले. रिक्षा स्टँडच्या मागे, चर्चच्या भिंतीला लागून एक पत्र्याचं दुकान होतं. तिथे एक म्हातारे कारागीर अडलेल्या पायांचे बूट शिवत. एक पाय आखूड असलेले, बोटं गेलेले, पोलिओने वाकलेले, सगळे त्यांच्याकडे येत आणि सगळेच त्यांना काका म्हणत. काकांनी अण्णांचा पाय उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला आणि चिंध्या झालेल्या पुस्तकाचं पान उलटावं तसा हळूच फिरवून बघितला. माझ्या वडिलांचा पाय इतक्या मानाने कोणी हातात घेतलेला मी बघितला नव्हता. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, ऑफिसातली नोकरी सुटून चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन विचारलं, "मला शिकवाल?"

"घरी इचारलं का?" काका म्हणाले.

घरी अण्णांची हरकत नव्हती, पण आत्या होती. आत्या अण्णांची धाकटी बहीण. राहते विरारला, पण तिचं तोंड कायम आमच्या घरात. "बी.कॉम. होऊन चामडं शिवणार? आपल्यात कोणी हात तरी लावलाय का चामड्याला?" अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पाय मात्र सगळ्यांनी घातलेत त्यात." मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

काकांचे नियम कागदावर नव्हते. दीड महिना त्यांनी मला फक्त दोऱ्याला मेण लावायला बसवलं. माप घ्यायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. बुटाची आतली बाजू डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायची. आणि रापीला, म्हणजे चामडं कापायच्या पात्याला, धार लावल्याशिवाय कड छिलायची नाही. अस्तराचे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथली कड छिलून कागदाइतकी पातळ करावी लागते, नाहीतर बुटाच्या आत उंचवटा राहतो. मी एकदा म्हटलं, "एवढासा उंचवटा कोणाला कळतोय?" काका रापी खाली ठेवून म्हणाले, "धडक्या पायाला टोचलं तर त्यो वरडतो. ह्यो पाय मुका हाय, पोरी. त्याच्या वतीनं आपण आधीच वरडायचं असतं."

आणि सगळ्यांच्या वरचा नियम: "पहिला जोड रापीचा, दुसरा गिऱ्हाइकाचा." शिकणाऱ्याचा पहिला जोड काका त्याच्यासमोर उभा चिरत, आतली एकेक शिवण बघत आणि तुकडे त्याच्याच ओटीत टाकत. त्यांचा स्वतःचा पहिला जोड त्यांच्या गुरूने असाच चिरला होता. तेव्हा आपण दोन दिवस जेवलो नव्हतो, हे ते हसत सांगायचे.

माझा पहिला जोड मी अण्णांच्या मापाचा केला. नेमकं त्याच आठवड्यात आत्याच्या मुलाचं लग्न आलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा बिचारा स्वस्थ होता, बाशिंग माझ्याच गुडघ्याला होतं. आत्याच्या मांडवात अण्णांनी माझे बूट घालून मिरवावं आणि तिने ते बघावं, एवढंच माझ्या डोक्यात. शेवटच्या संध्याकाळी पुढच्या टोकाजवळची अस्तराची कड छिलायची राहिली होती आणि रापी बोथट झाली होती. धार लावायला दहा मिनिटं लागली असती. मी लावली नाही. दोन-चार हात मारले, बोट फिरवलं, झालं म्हटलं आणि शिवून टाकलं.

काकांनी जोड पुढे ओढला आणि रापी उचलली. मी हात जोडले, रडले. "लग्नापुरता राहू द्या, मग खुशाल कापा." काका कबूल झाले नाहीत, पण त्या दिवशी माझं रडणं बघून त्यांनी जोड तसाच फळीवर ठेवला. सकाळी काठी टेकत अण्णा स्वतः दुकानात आले. पायातल्या जुन्या बुटांचे बंद सुटलेले होते, तेही त्यांना कळलं नव्हतं. "अहो, जन्मभर लोकांचे जिने चढलो," ते काकांना म्हणाले. "एक दिवस पोरीच्या बुटात चालू द्या."

काकांनी दोन्ही बुटांत आळीपाळीने हात घातला. बराच वेळ बोटं आत फिरत राहिली. मग म्हणाले, "हाताला लागत न्हाई. पण हात शेंड्यापतूर पोचत न्हाई." मला ती बोथट रापी आठवत होती, तरी मी गप्प बसले. काकांनी जोड वर्तमानपत्रात गुंडाळून अण्णांच्या हातात दिला.

लग्नात अण्णा सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पायांवर होते. स्टेजवर बूट काढून जावं लागतं म्हणून ते वर गेलेच नाहीत, अक्षता खालूनच टाकल्या. ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "माझ्या लेकीनं शिवलेत." शेवटी आत्याही वाकून बघून गेली आणि म्हणाली, "बरे झालेत की गं." माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण होता.

घरी आल्यावर मी त्यांचे बूट काढले. उजवा मोजा निघाला. डावा निघेना. करंगळीपाशी तो रक्ताने चिकटला होता. मी किंचाळले तेव्हा अण्णा मनाने अजून लग्नातच होते. "दुखत नाही गं," ते हसून म्हणाले, "अजिबात दुखत नाही."

जखम भरली नाही. ती आत उतरत गेली, आधी करंगळी काळी पडली, मग पाऊल. सहा आठवड्यांनी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

डावा बूट घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी तो चिरला. शेंड्याजवळ अस्तराची एक कड न छिललेली, नखाच्या जाडीची. त्यांनी तुकडे माझ्या ओटीत टाकले. मी शिव्यांची वाट बघत होते, त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. काका म्हणाले, "कड तुझी. पण चिरायचं काम माझं व्हतं. त्ये मी केलं न्हाई." त्यांनी मला पुढे सगळं शिकवलं, पण माझ्यानंतर कोणालाही शिकायला ठेवून घेतलं नाही. दुकान बंद करून गावाला गेले तेव्हा जाताना रापी मला देऊन गेले.

उजवा बूट अण्णा रोज घालायचे. वॉकर धरून पलंगापासून गॅलरीपर्यंत जायचे आणि तिथे बूट घालूनच बसून राहायचे. मी एकदा म्हटलं, "द्या तो, उघडून बघते, नवा शिवून देते." जो माणूस माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नाही, तो माझ्यावर ओरडला. "हात लावायचा नाही! माझ्या पोरीचा पहिला जोड आहे. अर्धा गेला, अर्धा तरी राहू दे." मी रडत स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांनी उरलेला पाय रोज संध्याकाळी तपासायला सांगितला होता. तेही अण्णा मला करू द्यायचे नाहीत. दाढीचा आरसा तळव्याखाली धरून स्वतःच बघायचे आणि म्हणायचे, "ठणठणीत आहे. तू भाताचं बघ." पाय खरंच शेवटपर्यंत नीट राहिला. त्यावर मी माझी समजूत काढली होती. एक बूट चुकला, पण एक तरी मला जमला होता.

अण्णा गेल्या वर्षी झोपेतच गेले. बूट मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला. आत हात घालायचा धीर कधी झाला नाही.

साहेबांना "उद्या सांगते" म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तो बूट पिशवीत घालून केंद्रात नेला. कापायचं मनात नव्हतं. बूट समोर ठेवून झालेलं सांगायचं, बस. साहेब समोर बसले, मुलं भोवती उभी राहिली, कळंबची पोर आपला जोड छातीशी धरून मागे. मी मांडवातल्या अण्णांपर्यंतचं सांगितलं. पुढचं सांगायच्या ऐवजी मी काकांची रापी घेतली आणि बूट टाचेपासून शेंड्यापर्यंत चिरला.

शेंड्याजवळ तीच कड होती. तेवढीच जाड, तशीच न छिललेली.

आणि तिच्यावर एक कापडाची घडी होती. अण्णांच्या निळ्या चौकटीच्या रुमालाचा तुकडा, नीट चौपदरी दुमडलेला, ड्रेसिंगच्या पांढऱ्या पट्टीने चारी बाजूंनी चिकटवलेला. पट्टीवर बारीक गोल ठसे होते. तिथे हात पोचत नाही, म्हणून त्यांनी ती पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबून दाबून बसवली असणार. रीडिंग लिहायची त्यांची पेन्सिल अजून गॅलरीतल्या खिडकीत आहे.

म्हणजे आरशात त्यांना लाल डाग दिसला होता. दोन्ही बूट सारखेच चुकलेत, हे त्यांना कळलं होतं. तो बूट त्यांना जपायचा नव्हता. मला त्याच्या आतलं दिसू नये, म्हणून ते ओरडले होते, म्हणून रोज पायात घालून बसत होते. एक पाय गेलेला माणूस दुसरा पाय पणाला लावून माझी अब्रू राखत होता, आणि मी मात्र आत भात शिजवत होते.

मी सगळ्यांसमोर रडले, हुंदके देऊन रडले. साहेबांनी नियमांचा कागद माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून त्यावर ठेवलं. खोडलेल्या ओळीखाली मी सातवा नियम पुन्हा लिहिला. अक्षर वाकडं आलं.

कळंबची पोर पुढे आली. तिने आईचा जोड माझ्या पुढ्यात ठेवला, एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि बाजूला झाली. मी रापी उचलली, आणि आधी तिला धार लावायला बसले.